फ्रँकफर्टला विमान अडकलंय, आई सोबत आहे. काय मागायचं, कुणाकडे?

इंद्रायणी | १४ मे २०२५, रात्री ८:१०

नमस्कार. फ्रँकफर्ट विमानतळावरून लिहितेय, इथे आत्ता दुपारचे चार चाळीस झालेत. आमचं मुंबईचं विमान १:२५ ला सुटणार होतं. वेळेवर आत बसवलं, दार लागलं, मग दीड तास तसंच बसून. शेवटी कॅप्टनने सांगितलं की हायड्रॉलिकमध्ये बिघाड आहे, सगळ्यांनी उतरा. आता बोर्डवर ७:३० लिहिलंय. गेटवरची मुलगी एवढंच म्हणते, "प्लीज वेट."

सोबत आई आहे, ७१ वर्षांची. मानहाइमला ताईकडे दीड महिना राहून परत निघालोय. आईला मधुमेह आहे, दोन वेळा इन्शुलिन असतं. इन्शुलिन आणि सुया तिच्या पर्समध्येच आहेत, पण कपडे आणि बाकी गोळ्यांचा मोठा डबा चेक-इन बॅगेत गेलाय. पासपोर्टवर बाहेर पडल्याचा शिक्का बसलाय आणि आमचा व्हिसा एकदाच प्रवेशाचा आहे. म्हणजे रात्र झाली तर आम्ही परत आत जाऊ शकतो की नाही, तेच कळत नाहीये. मुंबईहून पुण्याची कॅबही ठरवून ठेवली आहे.

विमान कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. मला फक्त सांगा, आत्ता काय करू? कुणाकडे काय मागू? आईसमोर घाबरल्यासारखं दाखवायचं नाहीये.

रानवारा | १४ मे, रात्री ८:२४

इंद्रायणी, म्युनिकहून लिहितोय. आधी श्वास घ्या. तुम्ही युरोपातून निघताय, म्हणून कायदा तुमच्या बाजूने आहे, पासपोर्ट भारतीय असला तरी.

लगेच करायचं ते सांगतो. बोर्डाचा फोटो काढा, वेळ बदलली की पुन्हा काढा. बोर्डिंग पासचा तुकडा जपून ठेवा. कॅप्टन काय बोलला आणि किती वाजता, ते फोनमध्ये लिहून ठेवा. "हायड्रॉलिक" हा शब्द पुढे फार कामाचा आहे.

साडेतीन हजार किलोमीटरच्या वरच्या प्रवासाला चार तास उशीर होणार हे दिसलं, की खाणंपिणं देणं कंपनीला बंधनकारक आहे. शिवाय दोन फोन किंवा ईमेल फुकट. तुमचा नवा वेळच सहा तास पुढचा आहे, तेव्हा साडेपाचची वाट बघू नका. आत्ताच काउंटरवर जाऊन जेवणाचं व्हाउचर मागा.

आणखी एक. फ्रँकफर्टला रात्री ११ ते पहाटे ५ उड्डाणबंदी असते, खास परवानगीशिवाय विमान सुटत नाही. वैमानिकांच्या ड्यूटीचे तासही मोजलेले असतात. ७:३० चं ९ झालं, तर मनातून रात्रीची तयारी सुरू करा.

आणि "भरपाई मिळाली, यापुढे तक्रार नाही" अशा अर्थाच्या कुठल्याही कागदावर सही करू नका.

भीमथडी | १४ मे, रात्री ८:४१

मी नर्स आहे, तेवीस वर्षं वॉर्डात काढली आहेत. पैशांचं बाकीचे सांगतील, मी आईचं सांगते.

वापरात असलेलं इन्शुलिन खोलीच्या तापमानाला साधारण चार आठवडे चांगलं राहतं. बर्फ शोधत फिरू नका. फक्त उन्हात किंवा गरम जागी ठेवू नका. घड्याळ आज जर्मनीचंच धरा. जेवण समोर आल्याशिवाय जेवणाआधीची सुई द्यायची नाही. विमानतळावर हीच चूक होते. "आता देतील, आता देतील" म्हणून सुई टोचतात आणि जेवण तासाभराने येतं.

साखर मोजायचं यंत्र हाताशी आहे ना? सत्तरच्या खाली आली तर तीन-चार चमचे साखर किंवा गोड ज्यूस, आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा. पाय सुजत असतील तर दर अर्ध्या तासाने चार पावलं चालवा. डब्यातल्या गोळ्या कोणत्या आहेत? रक्तदाबाची गोळी सकाळची असेल तर आजचा प्रश्न नाही. उद्यासाठी तुमच्या डॉक्टरांना आत्ताच मेसेज टाका. डॉक्टर काही वेगळं सांगतील तर त्यांचंच ऐका.

इंद्रायणी | १४ मे, रात्री ९:३५

तुम्हा दोघांना काय सांगू. व्हाउचर मिळालं, पंधरा-पंधरा युरोचं. मागितलं म्हणून मिळालं. शेजारच्या रांगेतल्या लोकांना माहीतच नव्हतं, मग मी सांगत सुटले.

साखर ९२ आली. आईने मांडीवर शाल पसरून, बोट टोचून, चष्मा कपाळावर सरकवून स्वतःच वाचली. व्हाउचर चालतं त्या दुकानात शाकाहारी म्हणजे ब्रेत्सेल आणि चीजचं सँडविच. ब्रेत्सेलवर जाड मिठाचे खडे असतात. आई एकेक खडा नखाने खरवडून कागदावर ठेवत होती, रक्तदाब आहे म्हणून. ताईने दिलेल्या दशम्या आणि लसणाची चटणी होतीच. समोर एक गुजराती आजोबा एकटे बसले होते, त्यांनाही दिल्या. सुई जेवण समोर आल्यावरच दिली.

बोर्डवर आता ९:१५ आहे.

कृष्णाकाठ | १४ मे, रात्री ९:५०

ताई, काळजी घ्या. एक शंका आहे. युरोपात उशिराबद्दल ६०० युरो भरपाई मिळते म्हणतात, ती भारतीय प्रवाशांनाही खरंच मिळते का? माझा भाचा मुंबईहून पॅरिसला जाताना नऊ तास अडकला होता, त्याला दमडी मिळाली नाही.

रानवारा | १४ मे, रात्री १०:०५

कृष्णाकाठ, प्रवासी कुठल्या देशाचा हे बघत नाहीत. विमान कुठून सुटलं आणि कंपनी कुठली, हे बघतात. युरोपीय संघातून सुटणारं कुठलंही विमान, कंपनी भारतीय असो, आखाती असो, २६१/२००४ या नियमात बसतं. युरोपात येणारं विमान मात्र युरोपीय कंपनीचं असेल तरच बसतं. तुमचा भाचा मुंबईहून बिगरयुरोपीय कंपनीने गेला असेल, तर तो नियम त्याला लागू नव्हता. फ्रँकफर्ट–मुंबईला लागू होणारा कायदा मुंबई–फ्रँकफर्टला त्याच कंपनीच्या विमानात लागू होईलच असं नाही. लोक इथेच गोंधळतात.

रक्कम अंतरावर ठरते. दीड हजार किलोमीटरपर्यंत २५०, साडेतीन हजारांपर्यंत ४००, त्यापुढे ६०० युरो, माणशी. उशीर मोजायचा तो पोचण्याचा, आणि तीन तासांच्या वर हवा. लांबच्या प्रवासाला तीन ते चार तासांत असेल तर कंपनी निम्मे देऊ शकते. मूळ नियमात ही रक्कम विमान रद्द झाल्यास होती. उशिरालाही ती लागू, असं युरोपच्या न्यायालयाने २००९ मध्ये सांगितलं. पोचण्याची वेळ म्हणजे चाकं टेकली ती नव्हे, दार उघडलं ती.

सगळा प्रवास एकाच तिकिटावर असेल, तर फ्रँकफर्ट–दोहा–मुंबईसारखा मधे थांबणारा प्रवासही अख्खा एक धरतात. दोन वेगळी तिकिटं काढली असतील तर नाही.

वादळ, हवाई हद्द बंद, विमानतळावरच्या नियंत्रकांचा संप, असं कंपनीच्या हाताबाहेरचं कारण असेल तर ६०० मिळत नाहीत. पण जेवण आणि हॉटेल तेव्हाही द्यावंच लागतं. २०१० मध्ये आइसलँडच्या ज्वालामुखीच्या राखेने युरोपची विमानं बंद पडली होती, त्याच प्रकरणात न्यायालयाने हे स्पष्ट केलंय. "कारण आमच्या हातात नाही" एवढं बोलून कुणी तुम्हाला उपाशी बाकावर झोपवू शकत नाही.

मांडवी | १४ मे, रात्री १०:३०

मी गोव्यात विमानतळावर बारा वर्षं ग्राउंड स्टाफमध्ये होते. गेटवर जी मुलगी उभी असते ती बहुतेक वेळा विमान कंपनीची नसतेच. काम घेतलेल्या दुसऱ्याच कंपनीची असते. इंजिनियर तिला काही सांगत नाहीत, ऑपरेशन्सवाले अर्ध्या तासाने एक ओळ पाठवतात, आणि समोर तीनशे माणसं तिच्यावर ओरडत असतात. तिच्या हातात काही गोष्टी असतात, त्या नेमक्या शब्दांत मागितल्या की ती करते.

काय मागायचं? "आईला व्हीलचेअर असिस्टन्स लावून ठेवा." ती नोंद एकदा सिस्टिममध्ये गेली की पुढे बस, हॉटेल, सकाळची रांग सगळीकडे चालते. "आई इन्शुलिनवर आहेत, कृपया नोंद करा." "दुसऱ्या कंपनीच्या विमानात जागा बघता का?" विचारायला काय जातं? पण लंडनमार्गे तिकीट देऊ लागले तर थांबा. भारतीय पासपोर्टला तिथे नुसतं विमान बदलायलाही ट्रान्झिट व्हिसा लागू शकतो. आणि शेवटचं, "उशिराचं कारण लिहून देता का?" ते पत्र विम्याला लागतंच. गेटवर मिळालं नाही तर नंतर कंपनीकडून ईमेलवर मागवता येतं.

पाच तासांच्या वर उशीर झाला की प्रवास सोडून तिकिटाचे पैसे परत मागायचा हक्कही असतो. पण इंद्रायणी, तुम्ही तो घेऊ नका. पैसे परत घेतले की हॉटेलची, पोचवायची जबाबदारी संपते. ऐन वेळचं तिकीट तिप्पट भावाने पडतं.

इंद्रायणी | १५ मे, मध्यरात्री १:०५

रानवारांनी लिहिलं तसंच झालं. इथे ९:३५ झालेत. वैमानिकांचे तास संपले, आता उद्या सकाळी ९ ला. हॉटेल देणार म्हणतात. आम्हाला सगळ्यांना सीमा पोलिसांकडे नेणार आहेत. आईच्या व्हिसावर मुक्कामाचे ४५ दिवस होते, आजचा ४३ वा. बरोबर मोजलंय ना मी? मानहाइम इथून ट्रेनने अर्धा-पाऊण तास आहे, ताई म्हणते घरी या. जाऊ का?

रानवारा | १५ मे, मध्यरात्री १:१५

मोजणी अशी: आलात तो दिवस पहिला आणि निघालात तो दिवसही धरायचा. आज ४३ असेल तर उद्या ४४, बसता तुम्ही. वैधता आणि मुक्कामाचे दिवस या व्हिसावरच्या दोन वेगळ्या ओळी असतात. वैधता बहुधा पंधरा दिवस पुढची असते, पण मुक्काम दिलेल्या दिवसांपेक्षा जास्त करता येत नाही. अशा वेळी दिवस खरंच संपत असतील, तर हाताबाहेरच्या कारणासाठी मुदत वाढवून देण्याची तरतूद व्हिसा नियमांत आहे, तीही विनाशुल्क. फक्त मुदत संपायच्या आधी मागायची. पोलिसांनी विचारायच्या आधीच स्वतः आकडा सांगा.

शिक्क्याचं घाबरू नका. तुम्ही देश सोडलाच नाही, त्यामुळे ते निर्गमन रद्द करतात.

मानहाइमला जाऊ नका असं माझं मत आहे. सहाला परत यायचं, आईला चढउतार, एखादी ट्रेन चुकली तर दोष तुमचा. हॉटेल घ्या. ताईंनाच सकाळी विमानतळावर यायला सांगा.

भीमथडी | १५ मे, मध्यरात्री १:२२

हॉटेलवर पोचल्यावर झोपण्याआधी एकदा साखर मोजा. उशाशी बिस्किटं ठेवा. मी जागी आहे, नाइट ड्यूटी आहे.

इंद्रायणी | १५ मे, पहाटे ३:५०

पोचलो हॉटेलवर. साखर १४८. आई झोपली.

इंद्रायणी | १७ मे, सकाळी ११:२०

पुण्याला सुखरूप पोचलो. काल दिवसभर दोघी झोपलो होतो. आता सविस्तर लिहिते, कारण त्या रात्री तुमच्याशिवाय मला दुसरं कुणी नव्हतं.

सीमा पोलिसांच्या खिडकीशी शंभरेक माणसं होती. आईसाठी व्हीलचेअर मागून घेतली होती, म्हणून आम्हाला बाजूच्या खिडकीतून आधी घेतलं. अधिकारी तरुण होता. त्याने शिक्का रद्द केल्याची खूण केली, व्हिसाचे दिवस बोटाने मोजले आणि आईला इंग्रजीत म्हणाला, "टुमारो यू मस्ट गो." आई हिंदीत म्हणाली, "हमको भी जानाच है." तो काय समजला देव जाणे, पण त्याने पासपोर्ट दोन्ही हातांनी परत दिला.

बॅगा मिळाल्या नाहीत. कंपनीने एक-एक छोटी पिशवी दिली, त्यात दात घासायचा ब्रश, पेस्ट, कंगवा आणि पांढरा टीशर्ट. आईने आयुष्यात पहिल्यांदा टीशर्ट घातला असेल. सकाळी पाचला उठून तिने साडी पुन्हा नीट नेसली, टीशर्टाची घडी घालून पिशवीत ठेवली आणि म्हणाली, तो परत द्यायचा असेल ना?

बससाठी बाहेर पाऊण तास उभं राहावं लागलं. त्या गुजराती आजोबांचा फोन बंद पडला होता, त्यांचा मुलगा बडोद्याहून मुंबईला निघालेला. माझ्या फोनवरून त्यांना बोलायला दिलं. त्यांचं जेवणाचं व्हाउचर तसंच कोरं खिशात होतं. ते कुठे वापरायचं हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. मला फार वाईट वाटलं. एकटे जाणाऱ्या म्हाताऱ्या माणसांचं काय होत असेल हो?

विमान ९:४० ला सुटलं. मुंबईत दार उघडलं तेव्हा आपल्या घड्याळात रात्रीचे ९:२५. मूळ वेळ आदल्या मध्यरात्रीची १:१० होती. म्हणजे सव्वावीस तास. दार उघडलं तेव्हाचा फोटो काढलाय, रानवारा.

कॅबचे ३,८०० रुपये आगाऊ दिले होते, ते गेले. दुसरी करावी लागली. त्याचं काही होतं का?

काजवा | १७ मे, दुपारी १:०५

वाचून बरं वाटलं. मी एप्रिल २०२४ मध्ये दुबईत अडकलो होतो, त्या विक्रमी पावसात. विमानतळाच्या धावपट्टीवर पाणी होतं. तिथे युरोपचा नियम नाही आणि कारण निसर्गाचं, त्यामुळे भरपाईचा विचारही केला नाही. माझं नुकसान दुसऱ्याच ठिकाणी झालं. दुबई–मुंबई एका तिकिटावर आणि मुंबई–नागपूर दुसऱ्या, स्वस्त मिळालं म्हणून. पहिलं विमान दोन दिवस उशिरा आलं आणि दुसऱ्या कंपनीच्या लेखी मी आलोच नव्हतो. सगळे पैसे बुडाले. तेव्हापासून घरापर्यंत एकच तिकीट काढतो, हजार-दोन हजार जास्त गेले तरी.

प्रवास विमा मात्र कामाला आला. माझ्या पॉलिसीत सहा तासांच्या वरच्या उशिराला ठरावीक रक्कम होती. काहींमध्ये ती बारा तासांनंतर असते, पॉलिसी उघडून बघा. त्यांनी कंपनीचं उशिराचं पत्र आणि बोर्डिंग पास, दोन्ही मागितलं.

रानवारा | १७ मे, दुपारी २:४०

कॅबचं सांगतो. ६०० युरो त्रासाबद्दलचे असतात, पावत्या लागत नाहीत. प्रत्यक्ष खर्चासाठी १९९९ चा माँट्रियल करार आहे, भारतही त्यात २००९ पासून आहे. उशिरामुळे झालेला खरा खर्च पावत्यांसह मागता येतो. मर्यादा सध्या माणशी ६,३०३ एसडीआर (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक), म्हणजे कॅबपेक्षा कितीतरी मोठी. पण कंपनी कधीकधी तो खर्च भरपाईतून वळता करते. कॅबची पावती जोडा, अडून मात्र बसू नका. दावा लावायची मुदत दोन वर्षं.

मोठ्या रकमेचा अर्ज आधी स्वतः कंपनीच्या वेबसाइटवर करा. भरपाई मिळवून देणाऱ्या एजन्सी साधारण पाव ते तिसरा हिस्सा कापून घेतात. तुमच्या हातात सगळे पुरावे आहेत, त्यांना कशाला द्यायचा?

पाचूबेट | १७ मे, संध्याकाळी ७:१५

टोरांटोहून. इकडचंही नोंदवते, कारण आईबाबा इकडून जातातच. कॅनडात मोठ्या कंपन्यांना तीन ते सहा तासांच्या उशिराला ४००, सहा ते नऊ तासांना ७०० आणि त्याच्या वर १,००० कॅनडियन डॉलर द्यावे लागतात. पण कारण कंपनीच्या हातातलं हवं आणि सुरक्षिततेशी संबंधित नको. अर्ज एका वर्षाच्या आत. अमेरिकेत उशिराची रोख भरपाई कायद्याने नाहीच. तिथे आंतरराष्ट्रीय विमान सहा तासांच्या वर लांबलं आणि तुम्ही प्रवास सोडलात, तर तिकिटाचे पैसे परत मिळतात. जेवण-हॉटेल ज्या त्या कंपनीच्या धोरणावर.

माझ्या सासूबाईंच्या गळ्यात मी एक कार्ड घालते. त्यावर इंग्रजीत आजार, औषधं, शाकाहारी, माझा नंबर, भारतातला नंबर. आणि "मराठी, हिंदी बोलतात" असं ठळक अक्षरात. इंद्रायणीच्या त्या आजोबांबद्दल वाचून हे आठवलं.

कृष्णाकाठ | १८ मे, सकाळी ९:३०

भारतातून सुटणाऱ्या विमानांचं कुणी सांगेल का? आम्ही पुढच्या महिन्यात मुंबईहून निघतोय, रात्री दोनचं विमान.

मांडवी | १८ मे, सकाळी १०:१०

आपल्याकडे डीजीसीएचे, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे, नियम आहेत. उशिराला रोख भरपाई नाही, पण ताटकळत असताना खाणंपिणं द्यायचं. देशांतर्गत विमानाला सहा तासांच्या वर उशीर असेल तर दुसरं विमान किंवा पूर्ण पैसे परत, निवड तुमची. रात्री ८ ते पहाटे ३ मध्ये सुटणारं विमान सहा तासांच्या वर लांबलं तर हॉटेल द्यायचं, तुमचं त्यात बसतं. दिवसाचं असेल तर चोवीस तासांच्या वर. दाद मागायला सरकारचं एअरसेवा ॲप आहे, आणि ग्राहक आयोगात तर स्वतःच्या जिल्ह्यात जाता येतं, कंपनीचं कार्यालय कुठेही असो.

इंद्रायणी | २४ जून, रात्री ९:००

अर्ज २० मे ला केला. आधी उत्तर आलं, माणशी ७०० युरोचं प्रवास व्हाउचर घ्या. आई म्हणाली घेऊन टाक, भांडण नको. मी नाही घेतलं. आज दुसरं पत्र: "तांत्रिक बिघाड ही असाधारण परिस्थिती असल्याने भरपाई देय नाही." आता?

रानवारा | २४ जून, रात्री ९:४५

व्हाउचर नाकारलंत ते उत्तम. तुमच्या लेखी संमतीशिवाय ते पैशाऐवजी व्हाउचर देऊच शकत नाहीत. आणि आईंना सांगा, हे भांडण नाही.

तांत्रिक बिघाडाबद्दल युरोपच्या न्यायालयाने २००८ मध्येच सांगितलंय: विमानाची देखभाल हे कंपनीचं रोजचं काम आहे, त्यातून निघालेला बिघाड सहसा असाधारण ठरत नाही. पत्रात एवढंच लिहा. विमान क्रमांक, तारीख, ठरलेली आणि प्रत्यक्ष दार उघडण्याची वेळ, कॅप्टनची घोषणा आणि तिची वेळ, २००८ चा निकाल, दोघींचे मिळून १,२०० युरो, उत्तरासाठी चौदा दिवस. आणि शेवटची ओळ अशी, की उत्तर समाधानकारक नसेल तर प्रवासी तडजोड मंडळाकडे जाऊ. जर्मनीत ते प्रवाशांसाठी मोफत आहे. जर्मन कायद्याने मुदतही पुष्कळ आहे, ज्या वर्षी घटना घडली ते वर्ष संपल्यापासून तीन वर्षं. रागाचा एकही शब्द घालू नका.

इंद्रायणी | ९ सप्टेंबर, संध्याकाळी ६:३०

मिळाले. १,२०० युरो. पत्रानंतर तीन आठवड्यांनी "सद्भावना म्हणून" असं लिहून मान्य केले, मग बँकेचा घोळ. त्यांच्या फॉर्ममध्ये आयबॅन (आंतरराष्ट्रीय बँक खाते) क्रमांकाशिवाय पुढे जाताच येत नव्हतं आणि आपल्या बँकांना आयबॅन नसतो. शेवटी दोघींच्या सहीचं पत्र देऊन ताईच्या जर्मन खात्यात घेतले. कुणाला उपयोग होईल म्हणून लिहिते. कॅबचे मात्र नाही दिले.

आईचा हिस्सा तिच्या नावाने वेगळा ठेवलाय. ती पुढच्या वर्षी पुन्हा जायचं म्हणतेय.

सोनचाफा | ४ डिसेंबर, रात्री ११:४०

धागा वर काढतोय, माफ करा. मी ॲमस्टरडॅमला आहे, वडिलांसोबत, मुंबईचं विमान पाच तास पुढे गेलंय. आत्ता इथे संध्याकाळचे सात दहा. बाबांना हृदयाचा त्रास आहे. काय करू?

रानवारा | ४ डिसेंबर, रात्री ११:४८

सगळं वर आहे, नियम तोच. एक बदल: १२ ऑक्टोबरपासून युरोपच्या सीमेवर डिजिटल नोंदणी सुरू झाली आहे आणि शिक्के हळूहळू बंद होतायत. रात्री बाहेर सोडलं तर तुमचं निर्गमन रद्द झाल्याची नोंद झाली का, हे तोंडी विचारून घ्या.

इंद्रायणी | ४ डिसेंबर, रात्री ११:५२

सोनचाफा, मी आहे, जागी आहे. बोर्डाचा फोटो काढा आणि काउंटरवर जेवण मागा. पण त्याआधी सांगा, बाबांच्या गोळ्या हातातल्या बॅगेत आहेत की चेक-इनमध्ये गेल्या?